हाऊ खेकडा नवा कसा काय?

मृग लागून चारच दिवस झाले होते. रावेर तालुक्यात पालच्या अलीकडे एका नाल्याच्या काठावर मी डोक्याला टॉर्च बांधून वाकले होते. बादलीत सात-आठ खेकडे एकमेकांच्या अंगावर चढत होते. केळीच्या बागेतली मोटर बंद करून घरी निघालेले एक काका थांबले.

"काय शोधी ऱ्हायनी व ताई?"

"खेकडे, काका. यातला एखादा नवीन जातीचा असेल."

त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं, एक उचलून उलटा केला, परत टाकला. "हाऊ नवा कसा काय? मना आजा बी हाऊच खाये."

मी हसले. एम.एस्सी. होऊन वर्षही झालं नव्हतं, अंगात भारी जोर होता. त्या बादलीतल्या एका लहान नराच्या नांग्या केशरी होत्या आणि कवच इतरांपेक्षा चपटं वाटत होतं. पुस्तकात तसं चित्र नव्हतं, म्हणजे तो नवा, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. सहा महिन्यांनी कळलं की काकांचंच बरोबर होतं. तो बॅरिटेलफुसा क्युनिक्युलारिसचा वयात न आलेला नर निघाला. ही जात शास्त्राला १८३६ सालापासून माहीत आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी कर्नल साईक्स याने दख्खनच्या माळावरचे हे जमिनीवर हिंडणारे खेकडे टिपले आणि लंडनमध्ये वेस्टवूड या प्राणिशास्त्रज्ञाने त्यांना नाव दिलं. क्युनिक्युलारिस म्हणजे बिळं करणारा. म्हणजे काकांच्या आजाच्या ताटात पडण्याआधीच त्याचं बारसं झालेलं होतं.

हल्ली प्राणिशास्त्राची मुलं मला विचारतात, "मॅडम, नवीन प्रजाती शोधायची तर कुठे जायचं?" त्यांना वाटतं मी एखाद्या दरीचं नाव सांगेन. खरं उत्तर ऐकून त्यांचा विरस होतो. नाल्यावर फक्त खेकडा सापडतो. तो नवा आहे हे ठरतं टेबलावर, आधी नाव मिळालेल्या त्याच्या सगळ्या भाऊबंदांशी ताडून पाहिल्यावर. म्हणून सुरुवात संग्रहालयापासून आणि जुन्या कागदांपासून करा, टॉर्च नंतर घ्या. मी उलटं केलं आणि एक अख्खा हंगाम घालवला.

आधी हा प्राणी काय आहे ते थोडं सांगते. अर्धभूचर खेकडा म्हणजे ज्याचा संसार पाण्यात कमी आणि ओल्या मातीत जास्त. त्याला कल्ले असतातच, पण कल्ल्यांच्या खोलीचं आतलं अस्तर रक्तवाहिन्यांनी भरलेलं असतं आणि त्यातून तो हवेतला प्राणवायू घेतो. त्यासाठी ही खोली मोठी लागते, म्हणून अशा खेकड्याचं कवच दोन्ही बाजूंनी फुगलेलं दिसतं. नाल्याच्या काठाला, शेताच्या बांधाला तो ओल लागेपर्यंत बीळ खणतो. आपल्या खानदेशात एप्रिल-मे मध्ये काळी जमीन भेगाळते तेव्हा तो खाली ओलीत दडून बसतो आणि पहिल्या सरींना वर येतो.

समुद्रातल्या खेकड्यांची अंडी फुटून तरंगणाऱ्या अळ्या बाहेर पडतात आणि प्रवाहाबरोबर लांब जातात. गोड्या पाण्याच्या खेकड्यांत ही अवस्थाच नाही. अंडी मोजकी आणि मोठी, त्यातून थेट इवलासा खेकडा निघतो आणि काही दिवस आईच्या पोटाखालच्या पट्ट्याला चिकटून राहतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण पहिल्यांदा दाखवलं पालकडच्याच एका पावरा आदिवासी मुलाने. पिल्लांनी लगडलेली मादी त्याने उचलली, मला दाखवली आणि होती तिथे परत ठेवली. "हिला नाही धरत," एवढंच म्हणाला.

वर्गीकरणासाठी यात मोठी गोष्ट दडलेली आहे. ज्याची पिल्लं आईचा पदर सोडून लांब जात नाहीत, तो डोंगराची कोरडी धार ओलांडून शेजारच्या खोऱ्यात सहज पोचत नाही. डोंगरांची एकेक घळ वेगळी पडते, आणि काळ पुरेसा गेला की त्यात राहणारा वेगळा होतो. सह्याद्रीत गेल्या दहा-बारा वर्षांत घाटियाना आणि गुबर्नेटोरियाना या वंशांतल्या जातींची रांगच लागली ती यामुळे. २०१६ साली एकाच शोधनिबंधात पश्चिम घाटातल्या पाच नव्या जाती आल्या होत्या. सातपुड्याकडे मात्र खेकड्यांसाठी फारसं कोणी वळलेलं नाही. सातपुडा आणि सह्याद्री यांच्या मधे तापीचं रुंद, तापलेलं खोरं पसरलेलं आहे. तिकडचा खेकडा आणि इकडचा खेकडा एकच, हे आपण बहुतेक वेळा न तपासता धरून चालतो.

आता माझ्या चुकांकडे येते, कारण नवख्यांना त्यांचाच उपयोग जास्त.

पहिली चूक वर सांगितलीच, अर्धवट वाढलेला नर. दुसरी त्याहून लाजिरवाणी. पहिल्या हंगामात मी अकरा बाटल्यांवर बॉलपेनने लिहिलेल्या चिठ्ठ्या लावल्या, काही आतही टाकल्या. दिवाळीनंतर कपाट उघडलं तर अल्कोहोलात शाई उतरून सगळ्या चिठ्ठ्या निळसर कोऱ्या. कुठला खेकडा पालचा, कुठला मनुदेवीच्या नाल्याचा, कुठला शहाद्याकडच्या गोमाई नदीचा, काही सांगता येईना. सरांनी एक शब्दही न बोलता त्या अकराही बाटल्या पदवीच्या मुलांच्या चिरफाडीसाठी दिल्या. रागावले असते तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून जाड, चिवट कागदावर शिसपेन्सिल, आणि चिठ्ठी बाटलीच्या आत. गाव, तालुका, नाल्याचं नाव, जीपीएसचे आकडे, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, कोणी धरला, कशात सापडला (बीळ, दगडाखाली, बांध) हे सगळं त्याच रात्री लिहायचं, सकाळी नाही.

चिठ्ठीवरून अख्खी जात कशी हरवते हे खानदेशाइतकं कोणाला माहीत असायला नको. रानपिंगळा हे छोटं घुबड आपल्याकडचं. १८७३ साली पक्षितज्ज्ञ ह्यूमने त्याला नाव दिलं. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशातून त्याचे नमुने जमवले. १८८४ नंतर मात्र खात्रीचा एकही नमुना नव्हता. होता तो मायनर्टझॅगन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातला. त्यावर लिहिलेलं होतं की तो १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळाला. पुढे पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी तो पक्षी बारकाईने तपासला तेव्हा लक्षात आलं की तो डेव्हिडसनचाच जुना नमुना आहे, चोरून, नव्याने भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावलेला. त्या चिठ्ठीवर विसंबून शोधणारे भलतीकडे शोधत राहिले होते. खोटी जागा यादीतून काढली, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धरल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पिंगळा समोर बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी! माझ्या अकरा बाटल्यांत लबाडी नव्हती, गबाळेपणा होता. पण बाटली उघडून पाहणाऱ्याच्या दृष्टीने दोन्हीची किंमत सारखीच.

पकडण्याबद्दल थोडक्यात. बिळात हात घालू नका. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. त्याच बिळात नागही राहतो. पावसाळी रात्री खेकडे आपणहून बाहेर येतात, तेव्हा उचला. बिळाच्या तोंडाशी ताज्या चिखलाच्या गोळ्या असल्या तर घरात कोणीतरी आहे, वाळून तडकल्या असल्या तर घर रिकामं, हे मला त्या पावरा मुलानेच शिकवलं. एकटं जाऊ नका. मुलींना घरून रात्री जाऊ देत नाहीत, हा प्रश्न मलाही होता. शेवटी आईच दोन वेळा बरोबर आली, पालच्या एका ओळखीच्या घरी राहिली आणि त्या घरच्या मावशींशी तिची गट्टी जमली. आता मला न विचारता केळीचे वेफर्स पाठवते.

यावल अभयारण्यात किंवा अनेर धरणाच्या अभयारण्यात पाय ठेवायचा तर वनविभागाची लेखी परवानगी आधी हवी. त्याला महिने लागतात, म्हणून अर्ज हिवाळ्यातच टाकायचा. परवानगीशिवाय आणलेला नमुना कितीही सुंदर असला तरी त्यावर निबंध लिहिता येत नाही, चांगली नियतकालिकं परवान्याचा क्रमांक विचारतात. आणि हव्यास नको. एका जागेवरून पाच-सहा प्रौढ पुरेत, पिल्लं असलेली मादी तर नाहीच.

खेकडा बर्फात ठेवून आधी गार, बधिर करायचा. जिवंतपणी अल्कोहोलात टाकला तर तडफडून पाय सोडून देतो, मग तुमच्याकडे एक खेकडा आणि आठ सुटे पाय असा हिशेब उरतो. फोटो त्याआधीच काढायचे, कारण बाटलीत रंग आठवड्याभरात उडतो. नंतर सगळे खेकडे एकाच पिवळट-तपकिरी रंगाचे. डीएनएसाठी पायातल्या मांसाचा तुकडा जवळपास शुद्ध अल्कोहोलात वेगळा ठेवायचा, बाकीचा प्राणी ७० टक्क्यांत. फॉर्मेलीनपासून दूर राहा, ते डीएनएचे तुकडे करतं. कॉलेजच्या कपाटात तेच ढीगभर असतं, म्हणून हात तिकडे जातो. शुद्ध अल्कोहोलसाठी उत्पादन शुल्क खात्याची परवानगी लागते आणि तेवढ्या एका कागदासाठी माझे अडीच महिने गेले. त्या काळात ऑफिसात माझं नाव ‘दारूवाल्या मॅडम’ पडलं होतं.

आता टेबलावर या. खेकड्याची ओळख पटते ती प्रौढ नरावरून. पोटाखाली दुमडलेला पट्टा उचलला की आत पायांसारख्या दोन जोड्या दिसतात, त्यातली पहिली म्हणजे पहिला गोनोपॉड. मीलनाचा अवयव. प्रत्येक जातीत त्याचं टोक किती लांब, सरळ की बाहेर वळलेलं, कुठे निमुळतं होतं, हे ठरलेलं असतं. कवचाचा रंग फसवतो, आकारही फसवतो (नुकती कात टाकलेला खेकडा वेगळाच दिसतो), गोनोपॉड सहसा फसवत नाही. माझ्या केशरी नांगीवाल्याचा गोनोपॉड अजून पुरता घडलाच नव्हता. वयात न आलेल्या मुलाच्या आवाजावरून तो कसा गाईल हे ठरवण्यासारखा तो प्रकार होता.

त्यानंतर तोंडाचे अवयव. आपल्या द्वीपकल्पातले गोड्या पाण्याचे खेकडे बहुतेक गेकार्सिनुसिडी कुळातले. त्यांच्या जबड्याला असलेल्या पाल्प नावाच्या छोट्या उपांगाचं टोक दुभंगलेलं असतं, हिमालयाकडच्या पोटॅमिडी कुळात तसं नसतं. मग डोळ्यांमागच्या कडा, कवचाच्या बाजूचा दात, कपाळाची रुंदी, नरातल्या पोटपट्ट्याचा आकार. सगळं व्हर्नियर कॅलिपरने मिलिमीटरमध्ये, तीन वेळा मोजून. एकाच खेकड्याची मापं दोन दिवशी वेगळी येतात हे पहिल्यांदा कळतं तेव्हा घाम फुटतो.

मग जुनी वर्णनं. अल्फ्रेड अल्कॉक या कोलकात्याच्या इंडियन म्युझियमच्या माजी अधीक्षकाने १९१० साली भारतातल्या गोड्या पाण्याच्या खेकड्यांची सूची छापली, तिच्यापासून सुटका नाही. रिचर्ड बॉटचा १९७० चा ग्रंथ जर्मनमध्ये आहे. मिल्न एडवर्ड्सने १८५३ साली नाव दिलेल्या बॅरिटेलफुसा गुएरिनीचं मूळ वर्णन फ्रेंच. भाषांतराचं ॲप इथे उपयोगी पडतं, पण ‘काटा’ आणि ‘दात’ यांत ते गल्लत करतं, तेव्हा चित्राशी ताडून घ्या. आणि वर्णनावर थांबू नका. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम केंद्र आहे, तिथे रीतसर पत्र देऊन जुने नमुने पाहता येतात. माझा केशरी फुगा तिथेच फुटला. वेगवेगळ्या वयाचे दहा-बारा क्युनिक्युलारिस एका ओळीत मांडले, आणि माझा ‘नवा’ तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे अलगद जाऊन बसला. त्या रात्री जळगावच्या गाडीत मी रडले. पण एका नमुन्यावरून नवी जात जाहीर करायची खोड त्या ओळीनेच मोडली.

चित्रं स्वतः काढा. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा ल्युसिडा जोडला की गोनोपॉड कागदावर उमटल्यासारखा दिसतो, तो गिरवायचा, नंतर बारीक निबने ठिपके देत उठाव आणायचा. आज फोटो इतके स्वच्छ येतात की हे कशाला, असं वाटतं. पण फोटोत जे डोळ्यांआड जातं ते हाताला गिरवताना सापडतं. एका केसांच्या ओळीचा वेगळेपणा मला पाचव्यांदा चित्र काढताना दिसला, तोवर मी तो गोनोपॉड शंभरदा तरी पाहिला होता.

डीएनएबद्दल मुलांचा समज असा की यंत्रात टाकलं की उत्तर मिळतं. सीओआय आणि १६एस हे दोन जनुकांचे तुकडे वाचून आधीच्या नोंदींशी तुलना करतात. पण त्या सार्वजनिक नोंदींना दिलेली नावं ज्याने टाकली त्याच्या ओळखीवर अवलंबून. त्यानेच खेकडा चुकीचा ओळखला असेल तर तुमचा खरा खेकडाही चुकीचा ठरतो. शरीररचना आणि डीएनए एकाच बाजूला बोलत असतील तरच मी पुढे जाते.

लिहिताना निदान आणि वर्णन यांत गल्लत करू नका. निदान म्हणजे शेजाऱ्यांपासून वेगळं करणारी तीन-चार लक्षणं, वर्णन म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत सगळं. नावाचे नियम आंतरराष्ट्रीय संहितेत आहेत. चौथी आवृत्ती, १ जानेवारी २००० पासून लागू. ती पूर्ण वाचा, कंटाळवाणी आहे तरी वाचा. एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा आधार-नमुना, म्हणून नेमावा लागतो, तो कुठल्या संग्रहात ठेवला ते लिहावं लागतं. त्याच्याबरोबर तपासलेले बाकीचे पॅराटाइप. आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या जातीचा नमुना सरकारने नेमलेल्या संग्रहात जमा करणं बंधनकारक आहे. कॉलेजच्या कपाटात होलोटाइप ठेवू नका. विभागप्रमुख बदलले की कपाट बदलतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

नावामागे लेखक आणि वर्ष कंसात का असतं, हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो. वेस्टवूडने क्युनिक्युलारिसला थेलफुसा या वंशात घातलं होतं. पुढे तो बॅरिटेलफुसात गेला, म्हणून आज (वेस्टवूड, १८३६) असं कंसात लिहितात. मूळ वंश टिकला असता तर कंस नसता. नाव ठेवताना लॅटिनचं लिंग सांभाळायचं. स्वतःचं नाव स्वतःच्या शोधाला द्यायला संहितेत बंदी नाही, पण माणसाला थोडी लाज असावी. केरळच्या झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या खेकड्याला २०१७ साली कानी मरंजंडू नाव मिळालं. वंशाचं नाव तिथल्या कानी आदिवासींवरून, आणि मरंजंडू म्हणजे मल्याळममध्ये झाडावरचा खेकडा. ज्यांनी दाखवला त्यांचा मान नावातच राहिला. मला हे फार आवडतं.

छापायची घाई मात्र धोक्याची. संहितेला तज्ज्ञांची तपासणी लागत नाही, अटी पाळून छापलेलं नाव कुठल्याही फडतूस नियतकालिकात आलं तरी ते कायमचं चिकटतं, आणि पुढच्या पिढ्यांना ते निस्तरावं लागतं. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्यांचे ईमेल तुम्हालाही येतील. फक्त इंटरनेटवर निघणाऱ्या नियतकालिकात छापत असाल तर झूबँक या प्राणिनामांच्या नोंदवहीतली नोंदणी निबंधात दिसायलाच हवी, नाहीतर नाव ग्राह्य नाही. आणि पीएच.डी.च्या प्रबंधात, परिषदेच्या पोस्टरवर, व्हॉट्सॲपच्या गटात, वार्ताहराशी बोलताना नवं नाव उच्चारू नका. वर्णनाशिवाय फिरणारं उघडं नाव कोणाच्याच कामाचं नसतं, गोंधळ तेवढा वाढतो. यावरून माझं एका वरिष्ठांशी बिनसलं. त्यांना बातमी हवी होती, मला नको होती. वर्षभर आम्ही बोललो नाही.

पोटापाण्याचंही विचारतात. नेट-जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली तर पाच वर्षं निभावतात. कायमच्या जागा म्हणजे प्राणी सर्वेक्षण, विद्यापीठं आणि अनुदानित कॉलेजं, आणि तिथली रांग तुम्हाला माहीत आहे. मी तासिका तत्त्वावर शिकवत हे काम केलं. दोन हंगामांचा खर्च शिकवणीतून निघाला. हे काम करून श्रीमंत झालेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

सध्या माझ्याकडे एक हस्तलिखित परत आलेलं आहे. सातपुड्याच्या एका घळीतला खेकडा, तीन प्रौढ नर, दोन माद्या. या वेळी ओळीत मांडून पाहिला, तो कोणाच्या मधे बसला नाही. नाव सांगत नाही, जागाही नाही. दोन परीक्षकांपैकी एकाने होकार दिलाय. दुसऱ्या परीक्षक बाईंनी लिहिलंय, गोनोपॉडच्या टोकाचा वाक तिन्ही नरांत सारखा नाही, आणखी एक पूर्ण वाढलेला नर पाहिल्याशिवाय मी मान्य करणार नाही. वाचून आधी राग आला, मग त्या केशरी नांग्या आठवल्या. बाई बरोबर बोलत आहेत.

आज मेची एकोणीस तारीख. जळगावात दुपारी बाहेर पडवत नाही, घळीतला नाला दगडासारखा कोरडा असणार आणि खेकडे खाली कुठेतरी ओलीला टेकून बसलेले. परवानगीची मुदत सप्टेंबरपर्यंत आहे. अल्कोहोल आणून ठेवलंय, चिठ्ठ्या कापून ठेवल्यात, पेन्सिलींना टोक केलंय. आई विचारत होती, यंदा कधी निघायचं. म्हटलं, पहिला पाऊस पडला की त्याच रात्री.